आधी भिंत ओळखा, मग बाटली उचला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, सार्वजनिक शौचालयांची देखभाल करणाऱ्या गटांसमोर झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आपल्या काही गटांकडे गावच्या सामुदायिक शौचालयाची देखभाल आहे. काही जणी शाळेत, काही ग्रामीण रुग्णालयात, तर काही एमआयडीसीतल्या कंपनीत साफसफाईला जातात. संडासाचं भांडं कसं घासायचं हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून आज मी भांड्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे आडोशाबद्दल. म्हणजे दोन संडासांमधली पडदी, पुढचं दार, मुतारीत दोन जागांमध्ये उभी केलेली फरशी. इंजिनिअर लोक याला पार्टिशन म्हणतात, आपण आडोसा म्हणू.

आडोशावर एवढं बोलायचं कारण काय? भांडं तुंबलं तर बाई शेजारच्या संडासात जाते. पण दार लागत नसेल, पडदीला भोक असेल, तर ती आत पाऊलच ठेवत नाही, तशीच माघारी जाते. शाळेतली मुलगी तर सांगतही नाही कुणाला. सकाळपासून पाणी प्यायचं टाळते आणि घरी गेल्यावरच जाते. म्हणजे शौचालय आहे, पाणी आहे, भांडं चकचकीत आहे, आणि तरीही बाईसाठी ते बंदच. आडोसा गेला की शौचालय गेलं.

दुसरं कारण पैशाचं. शौचालयात सगळ्यात आधी खराब होतं ते दार आणि पडदीचा खालचा वीतभर भाग. आणि तायांनो, बहुतेक वेळा तो भाग वापरण्यामुळे खराब होत नाही, चुकीच्या धुण्यामुळे होतो. मग देयक काढताना कुणीतरी म्हणतं, "गटाने नीट ठेवलं नाही." महिनाभर कष्ट करून बोलणी खायची आणि पैसेही कापून घ्यायचे, हे होऊ द्यायचं नाही.

जहाल म्हणजे स्वच्छ, हा समज सोडा

आपल्याकडे सफाई म्हटलं की पहिली आठवण ॲसिडच्या बाटलीची. ओतलं की फस्स करून फेस येतो, वाटतं घाण निघाली. पण तो फेस कशाचा, ते समजून घ्या. सिमेंट, चुना, कडप्पा, शहाबादी फरशी या सगळ्यांत चुनखडीचा अंश असतो. ॲसिड पडलं की चुनखडी विरघळते आणि वायूचे बुडबुडे येतात. म्हणजे घाणीबरोबर तुमची भिंतच थोडी थोडी वाहून जात असते. आज दिसत नाही, वर्षाने दिसतं.

भांड्यासाठी जे घट्ट निळं लिक्विड मिळतं, त्यातही बहुतेक वेळा हेच ॲसिड असतं, फक्त पातळ केलेलं. ते चिनीमातीच्या भांड्यासाठी ठीक आहे. पडदीवर, दारावर, फरशीवर ते जाता कामा नये. अजून एक सांगते. धुतलेलं पाणी शेवटी शोषखड्ड्यात जातं. खड्ड्यातल्या मैल्याचं खत करणारे जिवाणू जादा ॲसिडने आणि फिनेलने मरतात. ते मेले की खड्डा लवकर भरतो आणि वासही सुटतो.

मग रोजच्या धुण्याला काय वापरायचं? साधी धुण्याची पावडर. दहा लिटरच्या बादलीला दोन मोठे चमचे पुरे. सोबत मऊ ब्रश, सुती फडकं आणि साधं पाणी. नव्वद टक्के काम यातच होतं. बाकी दहा टक्क्यांसाठी आडोसा कशाचा आहे हे ओळखावं लागतं. आता एकेक घेऊ.

विटेची पडदी, वर प्लास्टर आणि रंग

गावात सगळ्यात जास्त हीच दिसते. हिचा शत्रू म्हणजे खालून चढणारी ओल. बादल्या भरभरून भिंतीवर पाणी मारलं की प्लास्टर पाणी पितं. मग पांढरा खार फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून पाणी जमिनीवर ओता, भिंत मात्र ओल्या फडक्याने नाहीतर मऊ ब्रशने पुसा.

पोपडे निघाले तर नुसता वरून रंग मारू नका, तो महिन्यात पडतो. आधी सैल झालेला भाग खरवडा, खार कोरड्या ब्रशने झाडा, भिंत चांगली वाळू द्या, मग रंग. उंचीच्या निम्म्या भागापर्यंत ऑइलपेंट असेल तर धुणं सोपं जातं. वरच्या भागाला चुना चालतो. वर्षातून एकदा चुन्याचा हात दिला की भिंत उजळ होते आणि ताज्या चुन्याने जंतूही मरतात. आपल्या आज्या दिवाळीआधी घर सारवून चुना द्यायच्या, त्यात शहाणपण होतं.

टाइल्सची भिंत

टाइलला स्वतःला फारसं काही होत नाही. वरचा चकचकीत थर पक्का असतो. कमकुवत असतात ते मधले सांधे, कारण ते सिमेंटचे असतात. ॲसिडने सांधे खाल्ले जातात, तिथून पाणी मागे शिरतं आणि टाइल आतून सुटते. महिन्यातून एकदा बोटाने टिचकी मारून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब आवाज आला तर ती टाइल सुटत चालली आहे. पडून कुणाच्या पायावर येण्याआधी ग्रामपंचायतीला कळवा.

बोअरच्या पाण्याने टाइलवर पांढरे डाग बसतात. त्याला लिंबूसत्व वापरा. किराणा दुकानात पांढऱ्या साखरेसारखं मिळतं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा. आधी भिंत साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे सांधे पाणी पितील आणि लिंबूसत्व कमी पितील. मग फडक्याने डागावर लावा, पाच-सात मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. हे महिन्यातून एकदाच, रोज नाही. सांधे काळे पडले असतील तर जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी. सांधा रिकामा झाला असेल तर पांढरं सिमेंट भरून घ्या. तेवढं काम आपण स्वतः करू शकतो.

कडप्पा, शहाबादी, ग्रॅनाइट

जुन्या शाळांच्या मुताऱ्यांमध्ये, बसस्थानकांवर काळ्या कडप्प्याच्या उभ्या फरश्या असतात. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांना ॲसिड तर नकोच, पण आत्ता सांगितलेलं लिंबूसत्वही नको. व्हिनेगर नको, चिंचेचं पाणी नको. कुठलंही आंबट लागलं की काळा दगड पांढरट पडतो आणि खरबरीत होतो. खरबरीत दगडात लघवी मुरते. मग कितीही धुवा, वास जात नाही. "आमच्या मुतारीचा वास जातच नाही" अशी तक्रार असेल तर आधी दगडाला हात लावून बघा.

ग्रॅनाइट वेगळा, त्यावर असा परिणाम सहजासहजी होत नाही. पण काळा ग्रॅनाइट आणि काळा कडप्पा लांबून सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. दहा मिनिटांनी धुऊन वाळू द्या. पांढरट डाग उमटला तर कडप्पा. शंका असेल तर कडप्पा समजूनच वागा.

दगडासाठी साबणाचं पाणी, नायलॉनचा ब्रश आणि लगेच भरपूर पाणी. मुतारीत दुपारी एकदा नुसतं पाणी मारलं तरी खूप फरक पडतो, कारण लघवी वाळली की तिचा थर बसतो. ओली असताना ती पाण्याने निघून जाते.

पत्र्याचं दार, पत्र्याची पडदी

लोखंडी दार खालून गंजतं. का? कारण धुतल्यावर पाणी खालच्या कडेला जमतं आणि तिथेच राहतं. म्हणून धुऊन झाल्यावर खालची कड कोरड्या फडक्याने पुसा आणि दार अर्धा-एक तास उघडं ठेवा. एवढ्या एका सवयीने दाराचं आयुष्य कितीतरी वाढतं.

गंजाचा ठिपका दिसला की लगेच पॉलिश पेपरने घासा, लाल रेडऑक्साइडचा हात द्या, वाळला की ऑइलपेंटचे दोन हात. रुपयाएवढा ठिपका असताना हे तासाभराचं काम आहे. भोक पडल्यावर वेल्डर बोलवावा लागतो. आणि गंजलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते. लहान मुलं येतात तिथे हे विसरू नका.

ॲसिडने लोखंड गंजतं आणि जस्ताचा पत्रा असेल तर जस्त उडून जातं. टीसीएल पावडरचं पाणीही पत्र्यावर राहू देऊ नका. ॲल्युमिनियमची चौकट असेल तर तिला ॲसिड नको आणि धुण्याचा सोडाही नको, दोन्हीने ती खराब होते. स्टेनलेस स्टील असेल तर तारेची घासणी वापरू नका. घासणीचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये अडकतात आणि तिथे गंज धरतो.

प्लायवूड आणि फ्लश डोअर

शौचालयाला लाकडी दार बसवूच नये, पण बसवलेलं आहे तर सांभाळायला हवं. प्लायवूडचं तोंड म्हणजे त्याची कड. वरून सनमायका कितीही चांगला असू दे, खालच्या उघड्या कडेतून पाणी शिरतं, थर फुगतात, सुटतात. हे दार कधीही पाणी मारून धुऊ नका. पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

पावसाळ्याआधी दार उतरवून खालच्या कडेला ऑइलपेंटचे दोन हात द्या, मग खालून वीतभर उंचीपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घ्या. सुतार हे अर्ध्या दिवसात करतो. नव्या दाराच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

प्लास्टिकचं, फायबरचं दार

हे पाण्याने कुजत नाही, म्हणून आता सगळीकडे हेच बसवतात. साबणाच्या पाण्याने छान धुता येतं. पण तीन गोष्टी पाळा. उकळतं पाणी टाकू नका, प्लास्टिक वाकतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका, वरचा थर चिकट आणि मळकट होतो. तारेच्या घासणीने घासू नका, ओरखड्यांत मळ बसतो आणि दार कायमचं काळपट दिसतं.

या दारांची खरी दुखणी बिजागरीशी असतात. आतून दार पोकळ असतं, त्यामुळे स्क्रू लवकर सैल होतात. दार खाली लोंबलं, जमिनीला घासायला लागलं की थांबू नका. मिस्त्रीला सांगून स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट बसवून घ्या.

कंपनी, हॉस्पिटल, टोलनाक्यावरचे कॉम्पॅक्ट बोर्ड

ज्या तायांना कंपनीत किंवा मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालं आहे, त्यांनी हे बोर्ड पाहिले असतील. गुळगुळीत, जड, स्टीलच्या पायांवर जमिनीपासून थोडे उचललेले. कागदाचे अनेक थर राळेत भिजवून, उष्णतेत दाबून ते केलेले असतात. पाण्याला ते दाद देत नाहीत, पण वरचा थर एकदा खरवडला गेला की परत येत नाही. मऊ फडकं, साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. साबण लावताना खालून वर जा, म्हणजे ओघळाचे पट्टे उठत नाहीत. पाण्याने पुसताना वरून खाली या. पेनाचे डाग असतील तर कापसावर थोडं स्पिरिट घ्या. स्पिरिट पेट घेतं, म्हणून जवळ उदबत्ती, काडीपेटी नको.

सिमेंटचा पत्रा

काही ठिकाणी आडोसा म्हणून सिमेंटचे पत्रे उभे केलेले असतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत गेली तर पुढे अनेक वर्षांनी फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. पत्रा नुसता उभा आहे, धड आहे, तोवर घाबरायचं कारण नाही. पण तो कोरडा घासू नका, तारेचा ब्रश लावू नका, भोकं पाडू नका, तोडू नका. ओल्या फडक्याने पुसा. तुटला असेल तर तुकडे झाडून काढण्याआधी पाणी शिंपडा आणि बदलून द्यायला लेखी सांगा. कुठला पत्रा जुना, कुठला नवा हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकच नियम.

टीसीएल वापरताना

ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर असते, तीच जंतू मारायला चालते. दहा लिटर पाण्यात साधारण १५० ग्रॅम ताजी पावडर. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी वापरा. हे पाणी रोज नवीन करा, कारण त्याचा जोर उतरत जातो. आधी साबणाने घाण काढायची, मग हे लावायचं. घाणीवरच लावलं तर सगळा जोर घाणीतच संपतो आणि जंतू राहतात. दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका. कडी, दाराचा दांडा, नळ, जिथे जिथे हात लागतो तिथे जास्त लक्ष द्या. लोखंडी कडीला फडक्याने लावून लगेच पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीसीएल आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. एकाच बादलीत नाही, एकाच भांड्यात नाही, एकामागून एक त्याच जागीही नाही. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो घसा आणि छाती जाळतो, जीवही जाऊ शकतो. भांड्याचं निळं लिक्विडसुद्धा ॲसिडच, हे लक्षात ठेवा. साचलेल्या लघवीवर टीसीएल टाकलं तरी झोंबणारा वायू निघतो, म्हणून आधी भरपूर पाणी मारा. कधी चुकून झालंच तर साफ करत बसू नका. दार उघडं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला थांबत नसेल, छातीत दुखत असेल तर थेट दवाखाना.

हातमोजे, तोंडाला फडकं, पायात बूट किंवा जाड चप्पल हे हवंच. आणि ते गटाने आपल्या मजुरीतून घ्यायचं नाही. ते कामाच्या खर्चातच धरायचं.

कडी, भोक आणि भिंतीवरचं लिहिणं

आडोसा स्वच्छ आहे, पण बंद होत नाही, तर उपयोग काय? म्हणून रोज दार धुताना एक काम करा. आत उभं राहून कडी लावून बघा. नुसती बाहेरून पाहू नका. कडी लागते का, चौकटीतल्या भोकात नीट बसते का, बाहेरून ढकललं तर सुटते का. कडीला महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. दाराच्या आत ओढणी, पिशवी अडकवायला एक हूक असू द्या. आणि बायकांच्या संडासात झाकणाचा डबा.

दाराला, पडदीला भोक दिसलं तर ते त्याच दिवशी बुजवा. एम-सील दोन बोटं मळून भरलं की झालं, उद्यावर ढकलू नका. ज्या दिवशी एखादीला भोक दिसतं, त्या दिवसापासून ती यायची बंद होते आणि चारजणींना सांगते. विश्वास परत यायला महिने लागतात.

भिंतीवर घाण लिहिलेलं असतं, कधी एखाद्या मुलीचं नाव, कधी कुणाचा फोन नंबर. ते तासाभरात गेलं पाहिजे. त्यावर चर्चा नको, कुणाला बोलावून दाखवणं नको. नावाचा, नंबरचा बोभाटा झाला तर त्रास तिलाच होतो. फोन नंबर असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना शांतपणे कळवा, तक्रारीसाठी एक फोटो ठेवा, तो ग्रुपवर टाकू नका. पुसताना खिळ्याने, दगडाने खरवडू नका. खरवडलेली अक्षरं कोरल्यासारखी राहतात आणि रंगाखालूनही वाचता येतात. ऑइलपेंटच्या भिंतीवर त्याच रंगाचा एक हात द्या. त्यासाठी जुन्या डब्यात थोडा रंग राखून ठेवा. टाइल्स आणि कॉम्पॅक्ट बोर्डवर स्पिरिट. कडप्प्यावर खाण्याचा सोडा ओला करून लेप लावा आणि ब्रशने गोल गोल घासा.

गुटख्याची पिचकारी ओली असताना नुसत्या पाण्याने निघते, वाळली की मुरते. म्हणून सकाळी एकदाच धुण्यापेक्षा दिवसातून दोन चकरा मारलेल्या परवडतात.

ताबा घेताना आणि करार करताना

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२० मध्ये सुरू झाला. त्यात एका सामुदायिक शौचालयासाठी ३ लाख रुपयांपर्यंतची तरतूद ठेवली. त्यातले ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले. बांधून झाल्यावर ते चालवण्याची, दुरुस्त करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची. गट ते काम ग्रामपंचायतीच्या वतीने करतो. हे नीट लक्षात ठेवून करारावर सही करा.

ताबा घ्यायच्या दिवशी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गटाच्या दोघी मिळून प्रत्येक दार, प्रत्येक पडदी बघा आणि लिहून काढा. पहिलं दार फायबरचं, कडी ठीक. दुसरं दार पत्र्याचं, खाली गंज. तिसऱ्याची पडदी टाइल्सची, दोन टाइल्स पोकळ. मोबाइलवर फोटो काढा. यादीवर सगळ्यांच्या सह्या आणि तारीख घ्या. पुढे कुणी म्हणालं, "हे गटाने खराब केलं," तर कागद बोलेल.

करारात चार गोष्टी स्पष्ट मागा. साबण, टीसीएल, हातमोजे यांचा खर्च कोण करणार. कडी, बिजागरी, रंग अशा छोट्या दुरुस्तीला दरमहा किती रक्कम आणि ती गटाने परस्पर खर्चायची का. मोठी दुरुस्ती लेखी कळवल्यापासून किती दिवसांत होणार. आणि गटाच्या कामात काय येत नाही. सेप्टिक टँकमध्ये, गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. कुणी कितीही सांगितलं तरी त्याला "नाही" म्हणायचं. ते काम मशीनचं.

अजून एक बोलते, कुणाला कडू लागलं तरी चालेल. गटाने काम घेतलं की पाळी सगळ्यांची. पैसे सगळ्यांच्या नावावर आणि ब्रश मात्र एकाच वस्तीच्या बायांच्या हातात, असं आपल्या गटात होता कामा नये. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन अख्खी गावं झाडली. त्यांच्या नावाचं अभियान आपण राबवतो, तर तो खराटा सगळ्यांच्या हातात फिरला पाहिजे.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

रोज: साबणाने धुणं, खालची कड कोरडी करणं, दारं उघडी ठेवणं, आतून कडी लावून बघणं, भोकं आणि लिहिणं तपासणं.

आठवड्यातून एकदा: सांधे, कोपरे, दारामागची बाजू ब्रशने घासणं, बिजागरीचे स्क्रू आवळणं.

महिन्यातून एकदा: टाइल्सवरचे पांढरे डाग, टिचकी मारून तपासणी, कडीला तेल, गंजाचे ठिपके.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी: रंग, चुना, दाराच्या खालच्या कडा, पांढरं सिमेंट.

प्रत्येक कामाची नोंदवहीत तारीख आणि करणारीची सही. वही म्हणजे आपला पुरावा.

तायांनो, पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने एक कागद आणायचा आहे. आपल्याकडच्या शौचालयात किती दारं, कशाची, किती पडद्या, कशाच्या आणि किती कड्या आतून नीट लागतात. त्यावरून कुठल्या गावात काय सामान लागेल हे ठरवू आणि पांढरं सिमेंट, रेडऑक्साइड, कड्या एकत्र घाऊक भावाने आणू. कागद करायला अर्धा तास लागेल. उद्या सकाळी धुवायला जाल तेव्हाच करून टाका.